घाटातला ब्रेक आणि विम्याचा हप्ता

इगतपुरीकडून कसारा घाट उतरून खर्डीला यायचं तर ब्रेकवर पाय ठेवूनच यावं लागतं. हाच ब्रेक आता तुमच्या गाडीच्या विम्यात मोजला जाऊ शकतो! जुलै 2022 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने 'जशी गाडी चालवाल तसा हप्ता' या प्रकाराला परवानगी दिली. मोबाईल किंवा गाडीतलं यंत्र वेग, जोराचे ब्रेक टिपतं आणि संगणक चालकाला गुण देतो. त्याला धुकं, उतार, आडवी आलेली म्हैस कळेलच असं नाही. (थर्ड पार्टीचा हप्ता मात्र सरकार ठरवतं.)

क्लेमचंही तसंच. ॲपवर फोटो टाका, कृत्रिम बुद्धिमत्ता खर्चाचा अंदाज काढते. किरकोळ ठोकरीला हे बरंच आहे, खेटे वाचतात. पण फोटोत चेपलेला पत्रा दिसतो, आत वाकलेला भाग नाही. घराच्या भिंतीत मुरलेलं पाणीही नाही.

वर्गात गणित चुकलं तर आपण नुसती फुली मारतो का? कोणती पायरी चुकली ते दाखवतो. मग कंपनीनेही दाखवायला हवं. क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा; महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तोवर मोबाईलमधले फोटो तेवढे पुसू नका.