चामडं कोण निवडतं?

मराठीत कातडं कमावतात आणि पैसाही कमावतात. क्रियापद एकच आहे, पण बाईच्या बाबतीत या दोन कमाया सहसा एकत्र येत नाहीत. चामड्याच्या धंद्यात बायका पूर्वीपासून आहेत. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यांची वेणी घालायची, भोकं पाडायची, शिवायचं, ही कामं घराघरांतून बायकाच करत आल्या. धारावीच्या पोटमाळ्यांवर बॅगांच्या कडा चिकटवणाऱ्या, दोरे कापणाऱ्या, अस्तर लावणाऱ्याही त्याच. पण बाजारात जाऊन चामडं उलटंपालटं करून बघायचं, भाव करायचा आणि ‘हे नको, ते दाखवा’ म्हणायचं, हे काम पुरुषाचं. बाईच्या हातात चामडं येतं तेच मुळी कापून.

अलीकडे बचत गटांसाठी हातशिलाईच्या चामडी पिशव्यांचे प्रशिक्षण वर्ग निघतात. समाजकार्याच्या निमित्ताने अशा वर्गांशी माझा संबंध येतो. रापी कशी धरायची, आरीने सारख्या अंतरावर भोकं कशी पाडायची, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी कसा ओवायचा, हे सगळं तिथे नीट शिकवलं जातं. चामडं कसं निवडायचं हे मात्र शिकवत नाहीत. ते संस्थेचा कार्यकर्ता नाहीतर व्यापारी आणून देतो. ‘तुम्ही फक्त शिवायचं’ असं प्रेमाने सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की या ‘फक्त’मध्येच सगळी गोम आहे. जिला चामडं पारखता येतं ती कारागीर होते. जिला केवळ शिवता येतं ती, हात कितीही सफाईदार असला तरी, मजूरच राहते.

या पारखण्यात एवढं आहे तरी काय? जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट आणि एकसारखं असतं, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. पिशवीचा खांद्यावरचा पट्टा पोटाकडून कापला तर ओझ्याने तो लांबत जातो. म्हणून पट्टा पाठीच्या कण्याच्या दिशेने कापायचा. म्हशीचं चामडं जाड आणि दणकट, ते पट्ट्याला आणि तळाला चांगलं. शेळीचं पातळ असूनही चिवट, ते आतल्या कप्प्यांना आणि लहान पाकिटांना योग्य. हाताने शिवायच्या मोठ्या पिशवीच्या अंगाला दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरते, पट्ट्याला अडीच-तीन मिलिमीटर लागते.

मग ते कमावलंय कशात हे बघायचं. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा वनस्पतींत कमावलेलं चामडं तयार व्हायला आठवडे लागतात. ते ताठ असतं, त्याच्या कडा घासून चकचकीत करता येतात, वापराने त्याचा रंग खुलतो, पण पाण्याचा डाग चटकन पडतो. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं चामडं एक-दोन दिवसांत तयार होतं. ते मऊ असतं, हव्या त्या रंगात मिळतं, पाणी त्यामानाने सोसतं. चौकटीची, उभी राहणारी पिशवी करायची तर पहिलं घ्यावं, झोळीसारखी करायची तर दुसरं.

दुकानात उभं राहून करायच्या परीक्षाही अवघड नाहीत. अंगठ्याने दाबलं की बारीक सुरकुत्या पसरतात का? घडी घातल्यावर वरच्या दाण्याला तडा जातो का? मागच्या बाजूचे तंतू नुसत्या बोटाने निघतात का? ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यावर रंग सुटतो का? कडेला कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन. जाड चामडं सोलून त्याचे दोन थर करतात. वरचा थर मजबूत असतो. खालच्या थराला प्लॅस्टिकचा मुलामा आणि खोटा दाणा देऊन तोच ‘अस्सल चामडं’ म्हणून विकतात. तोही चामडंच असल्यामुळे दुकानदार खोटं बोलत नाही, पण पिशवी वर्ष-दोन वर्षांत सोलपटते.

हे ज्ञान नसलं की पैशाचं नुकसान होतं, आणि ते थेट बाईच्या मजुरीतून वसूल होतं. समजा, एका पिशवीला सहा चौरस फूट चांगलं चामडं लागतं. स्वस्त म्हणून ७० रुपये फुटाचं घेतलं, पण गोचिडीचे डाग, भोकं आणि सैल भाग वगळताना दहा फुटांतून सहाच फूट निघालं. खर्च झाला ७०० रुपये. ९० रुपये फुटाच्या साफ चामड्यातून सहा फूट मिळवायला सात फूट पुरलं, तर खर्च झाला ६३०. महाग चामडं स्वस्त पडलं. पण हिशोब व्यापाऱ्याच्या वहीत असतो. बायकांना सांगितलं जातं की चामड्यालाच एवढे पैसे गेले, शिलाईचा दर वाढवता येणार नाही. दर नगावर ठरलेला असल्यामुळे टणक, खराब चामड्याला भोकं पाडण्यात गेलेला जादा वेळ कुणीच मोजत नाही. पुढे पट्टा ताणून शिवणीपाशी फाटला की माल परत येतो, आणि ‘शिलाई कच्ची’ म्हणून पैसे कापले जातात तेही तिचेच. चामडं पोटाकडचं होतं हे ओळखता आलं तरच ती म्हणू शकते, की दोष माझ्या शिवणीत नाही, तुमच्या खरेदीत आहे.

आरोग्याचाही प्रश्न आहे. क्रोमने कमावताना नीट काळजी घेतली नाही तर त्यातून सहासंयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं, आणि त्याने त्वचेचे विकार होतात. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम अशी घातली आहे. ही काळजी बॅग वापरणाऱ्या बाईच्या त्वचेची. जी बाई रोज आठ-दहा तास तेच चामडं हातात आणि मांडीवर घेऊन बसते, जी बंद खोलीत चिकटवण्याच्या सोल्यूशनचा वास घेते, तिच्या हाताला येणाऱ्या खाजेची नोंद कुठल्या कायद्यात होते? चामडं कशात कमावलंय हे विचारायचा पहिला हक्क तिचा आहे.

यावर नेहमीचं उत्तर मिळतं, ‘बायकांना बाजारातलं जमत नाही.’ ज्वारीचा दाणा दाताखाली धरून जुनी की नवी सांगणारी, साडीचा पदर मुठीत चुरगाळून सूत ओळखणारी, नारळ कानाशी हलवून पाणी पाहणारी बाई चामडं पारखू शकत नाही? तिला पारखण्यापासून लांब ठेवलेलं असतं, हे खरं कारण आहे. एकरकमी रोकड तिच्या हातात नसते. बाजारात बायकांसाठी मुतारी नसते. दिवसभर घराबाहेर राहण्याची मुभा नसते. या अडचणी खऱ्या आहेत आणि संघटनेने सोडवण्याजोग्या आहेत. ‘जमत नाही’ म्हटलं की त्या सोडवायची जबाबदारीच उरत नाही.

दुसरी अडचण जातीची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या वर्तुळातही मोकळेपणाने बोललं जात नाही. ढोर आणि चांभार समाजाने पिढ्यान् पिढ्या कातडं कमावलं आणि शिवलं, त्याबद्दल त्यांच्या वाट्याला अस्पृश्यता आली. मेलेली जनावरं ओढण्याचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांना १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडण्याचं आवाहन केलं, ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली, आणि त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. हा इतिहास बाजूला ठेवून ‘पारंपरिक कौशल्याचं पुनरुज्जीवन’ असं गोड नाव देत बायकांना पुन्हा चामड्याच्या कामाला बसवायचं असेल, तर विचारायला हवं, की निर्णय कोणाचा आणि नफा कोणाचा? निवड आणि मालकी बाईकडे येणार नसेल, तर ते जुनंच जातीचं काम आहे, फक्त त्यावर ‘हातशिलाई’ची चिठ्ठी लागली आहे.

कायद्याची बाजूही बाईला माहीत हवी. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीला ती लागू नाही, शेळीला तर नाहीच. तरीही धाक असा बसला आहे की चामड्याचं गाठोडं घेऊन प्रवास करायला कारागीर कचरतात. म्हणून खरेदीची पावती आणि तीवर जनावराचं नाव लिहून घेणं, हा निवडीचाच भाग मानला पाहिजे.

कुणी म्हणेल, मग चामडंच कशाला, कापडी पिशव्या शिवाव्यात. जरूर शिवाव्यात. पण कापड कोण निवडणार, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

म्हणून काही गोष्टी सुचवते. प्रशिक्षणाचे पहिले काही दिवस वर्गात न घालवता बाजारात घालवावेत, आणि शिकवायला चर्मकार समाजातल्या जाणत्या कारागिरांना, विशेषतः बायकांना, योग्य मानधन देऊन बोलवावं. गटाने शिलाई यंत्राच्या आधी चामडं खरेदीसाठी खेळतं भांडवल उभारावं, आणि खरेदीला दर वेळी दोघी-तिघींनी, आळीपाळीने जावं. हिशोबात चामडं, मजुरी आणि नफा असे तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि ते गटाच्या बैठकीत वाचून दाखवावेत. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून आहे. आपल्याकडे चर्मकार समाजासाठीचं महामंडळ १९७४ पासून आहे. बायकांसाठी चामडं पारखण्याचं प्रशिक्षण, तेही मराठीत आणि वस्तीजवळ, ही मागणी त्यांच्याकडे लावून धरायला हवी.

आणि एक काम आपलं. परिषदा-मेळाव्यांसाठी आपल्या संघटना अशा पिशव्यांची मागणी नोंदवतात, तेव्हा दर पाडून घेण्यात आपणही मागे नसतो. पुढच्या वेळी भाव विचारण्याआधी गटातल्या बाईला विचारूया, ‘ताई, हे चामडं तुम्ही निवडलंत का?’ ती ‘नाही, आम्हाला कापूनच येतं’ म्हणाली, तर ‘महिलांनी बनवलेली’ हे शब्द त्या पिशवीवर छापण्याआधी आपण थांबलं पाहिजे.