जिंकलेल्या पैशाचे काय करावे?

शनिवारी सकाळी निघायचे, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत दुपारी पणजी गाठायची, रात्र मांडवीतल्या बोटीवर काढायची आणि रविवारी रात्री परत कोल्हापूर. मित्रमंडळींची ही सहल आता नवी राहिलेली नाही. त्यात आपल्या मोहल्ल्यातली मुलेही असतात, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. घरी 'गोवा बघायला जातोय' एवढेच सांगितलेले असते.

अशा सहलीहून आलेल्या एका तरुणाने आम्हाला गाठले. तो नऊ हजार जिंकला होता आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र बावीस हजार हरला होता. "मजा आली नाही असं खोटं कसं सांगू? पण ते पैसे खर्चायला हात होत नाही," असे तो म्हणाला.

त्याला लगेच झापावे असे आम्हाला वाटले नाही. सूरह बकरामध्ये मद्य आणि जुगाराचा विषय येतो तिथे लोकांना त्यात काही फायदा आहे हे मान्य केले आहे, मात्र गुनाह फायद्याहून मोठा सांगितला आहे. साफ मनाई आली ती सूरह माइदामध्ये. अरबांचा 'मैसिर' तरी काय होता? उंट कापायचा, बाण काढून वाटे ठरवायचे, हरणाऱ्यांनी उंटाची किंमत भरायची आणि जिंकणाऱ्याने मांस गरिबांना वाटून दिलदार म्हणवून घ्यायचे. दोस्ती, हशा, दिलदारी हे सगळे त्यात होतेच. म्हणून मजा वाटली याचे आम्हाला नवल नाही.

बोटीवरचा हिशेब मात्र त्याला कुणी सांगितला नव्हता. एका शून्याच्या रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात आणि एका घरावर लावलेला आकडा आला तर ३५ पट मिळतात. समजा, प्रत्येक घरावर शंभर रुपये ठेवले. ३७०० गेले आणि लावलेले शंभर धरून हातात आले ३६००. नशीब कुणाचेही फळफळो, शंभर रुपये बोटवाल्याचे ठरलेले. आज हा जिंकला, उद्या दुसरा जिंकेल, बोट रोज जिंकते.

गोवा सरकारने १९७६च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि १९९६ साली बोटींसाठी वाट काढून दिली. पुढे फेब्रुवारी २०२०पासून खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केली. जे ताट आपल्या लेकरांपुढे ठेवायचे नाही ते पाहुण्यांना वाढायचे, असा हा पाहुणचार! महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागू झाला नाही आणि २०२३ साली रद्द केला गेला. म्हणून आमची पोरे बांदा ओलांडतात.

राहिला नऊ हजारांचा प्रश्न. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणे आमचे काम नव्हे. उलेमांकडून ऐकत आलो ते असे: असा पैसा स्वतःवर खर्चू नये, ज्याचा त्याला परत करता येत नसेल तर गरजूला द्यावा आणि त्यात सवाबची नियत ठेवू नये. मशिदीसाठीही देऊ नये. त्या तरुणाच्या मनात नेमके तेच होते, जुम्याला पेटीत टाकून मोकळे व्हायचे.

पण आम्हाला दुसरीच गोष्ट टोचली. बुखारी शरीफमधल्या एका हदीसनुसार, मित्राला नुसते 'चल, जुगार खेळू' म्हणणाऱ्यानेही सदका द्यायचा आहे. तेव्हा आम्ही विचारले, गाडी कुणी ठरवली होती? तो गप्प झाला. मग म्हणाला, "मीच. तो येत नव्हता, मी ओढून नेला."

मित्राचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप आहे. ते बावीस हजार मशीनच्या हप्त्याचे होते. हप्ता दहा तारखेला आहे आणि घरी भाभींना अजून काही ठाऊक नाही. नऊ हजारांचे मौलानांना नंतर विचार, आधी त्याच्या वर्कशॉपवर जा, असे आम्ही त्याला सांगितले.