हातमागाचे भवितव्य आणि सुताचा प्रश्न

७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमधील सभेत विदेशी मालावरील बहिष्काराची औपचारिक घोषणा झाली आणि स्वदेशी चळवळीस प्रारंभ झाला. त्या स्मरणार्थ २०१५ पासून हा दिवस 'राष्ट्रीय हातमाग दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विणकरांचा गौरव होतो, प्रदर्शने भरतात. मात्र हातमाग कामगारांची घटती संख्या पाहता, या व्यवसायाचे नेमके दुखणे कोठे आहे, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

मोहेंजोदडो येथील उत्खननात सुती वस्त्राचे अवशेष सापडले आहेत, इतकी ही परंपरा प्राचीन आहे. सतराव्या शतकात भारतीय कापडाने युरोपची बाजारपेठ काबीज केली होती. स्वतःच्या विणकरांच्या रक्षणासाठी इंग्लंडला १७०० आणि १७२१ मध्ये भारतीय छापील कापडाविरुद्ध कायदे करावे लागले. पुढे औद्योगिक क्रांतीनंतर चित्र पालटले आणि लँकेशायरचे स्वस्त कापड भारतात येऊ लागले. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची स्थापना केली. देशी गिरण्या वाढू लागल्या, तेव्हा १८९६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला. तो १९२६ मध्ये रद्द झाला.

या इतिहासातील एक बाब मात्र सहसा दुर्लक्षित राहते. यंत्रयुगाच्या आघाताने हातकताई जवळजवळ लोप पावली, परंतु हातविणकाम टिकून राहिले. याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे विणकरांनी गिरणीचे स्वस्त सूत स्वीकारले. कापड हाताचे आणि सूत गिरणीचे, अशी ही व्यवस्था होती. तिने हातमाग जगवला, पण त्याचबरोबर त्याला सूतगिरणीवर अवलंबूनही केले. आजच्या अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी या अवलंबनात आहे.

हातमागासाठी सूत लडीच्या स्वरूपात लागते. यंत्रमागाला ते कोनावर गुंडाळलेले हवे असते आणि मोठा ग्राहक यंत्रमागच असल्याने लडी तयार करण्यात गिरण्यांना विशेष स्वारस्य नसते. म्हणूनच देशांतर्गत विक्रीच्या सुतापैकी ठरावीक हिस्सा लडीत देण्याचे बंधन गिरण्यांवर घालण्यात आले. हे प्रमाण २००३ मध्ये ५० वरून ४० टक्के आणि २०१९ मध्ये ३० टक्के करण्यात आले. लडीचे सूत प्रत्यक्षात यंत्रमागाकडे वळवले जात असल्याच्या तक्रारीही जुन्याच आहेत.

कायद्याचे संरक्षण आहे, पण ते प्रामुख्याने तयार कापडाला आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवले. आरंभी २२ असलेली ही यादी पुढे ११ वर आली. २००६ मध्ये 'हँडलूम मार्क' आला, तर बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रमागावरील नक्कल हातमागाच्या नावाने विकली जाते आणि सामान्य ग्राहकाला तो फरक ओळखता येत नाही.

परिणाम आकडेवारीत स्पष्ट दिसतो. १९९५-९६ च्या गणनेत हातमाग कामगारांची संख्या सुमारे ६५ लाख होती. २००९-१० मध्ये ती ४३.३१ लाख आणि २०१९-२० मध्ये ३५.२२ लाख झाली. विणकरांमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक महिला आहेत. सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी असल्याचे चौथ्या गणनेत आढळले.

अर्थात, या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. सर्वाधिक हातमाग कामगार आसाममध्ये आहेत आणि तेथे अनेक महिला शेती व घरकाम सांभाळून, बऱ्याचदा घरच्या वापरासाठी विणतात. वाराणसी, तेलंगण किंवा तामिळनाडूतील विणकराचा मात्र संपूर्ण संसार मागावर चालतो. पहिल्या गटाला सूत वेळेवर आणि जवळ मिळणे महत्त्वाचे, तर दुसऱ्याला सुताचे स्थिर दर, खेळते भांडवल आणि नकलेपासून संरक्षण हवे. दोघांसाठी एकच योजना पुरेशी ठरणार नाही.

२०२१-२२ पासून लागू झालेल्या कच्चा माल पुरवठा योजनेत लडीच्या सुती सुतावर १५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. ही दिशा योग्य आहे. मात्र अनुदान मिळूनही बाजारातील दर त्याहून वेगाने वाढले, तर लाभ हाती राहत नाही. शिवाय सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत घेणाऱ्या विणकराला तयार कापड त्यालाच, तो सांगेल त्या दराने द्यावे लागते.

हातमागाचा गौरव हा वारशाचा गौरव आहेच. पण वारसा टिकतो तो पुढच्या पिढीने मागावर बसायचे ठरवले तरच. तो निर्णय महिनाअखेरीस हाती पडणाऱ्या मजुरीवर अवलंबून असतो आणि ती मजुरी बऱ्याच अंशी सुताच्या दरावर. धोरणाची सुरुवातही तेथूनच व्हायला हवी.