डिस्चार्ज कार्डावरची ती एक ओळ

मागच्या पावसाळ्यात आमच्या अब्बांना न्यूमोनिया झाला. वय 71. श्वास लागला म्हणून अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. तिसऱ्या रात्री, इशाच्या सुमारास, आत मॉनिटर वाजू लागला, नर्स धावल्या. थोड्या वेळाने डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितले, "हृदयाची लय बिघडली आहे." अम्मींनी तिथेच भिंतीचा आधार घेतला. आम्हाला वाटले, हार्ट अटॅक आला.

तो हार्ट अटॅक नव्हता. डॉक्टरांनी नाव सांगितले, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे एका ठेक्यात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. वर्गात आम्ही "एक, दोन" म्हणतो आणि मुले एकसाथ टाळी वाजवतात. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा वाजवली तर कसा गोंधळ होईल, तसेच हे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारणपणे मिनिटाला 60 ते 100 पडते. अब्बांची 140 च्या पुढे गेली होती आणि ठोकेही एकसारखे नव्हते.

आधी कधी हृदयाचा त्रास नसलेल्या माणसाला असे का व्हावे? गंभीर आजारात शरीरावर चहूबाजूंनी ताण येतो. जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, रक्तातले पोटॅशियम-मॅग्नेशियम घटणे, शरीरातले पाणी कमी-जास्त होणे, रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली काही औषधे, यातले काहीही लय बिघडवू शकते. म्हणून मूळ आजार आटोक्यात आणतात, घटलेले क्षार भरून काढतात आणि गरजेप्रमाणे ठोके आवरण्याचे औषध देतात. रक्तदाब फारच खाली गेला तर विजेचा झटकाही द्यावा लागतो. अब्बांची लय दीड दिवसात सुधारली. अल्हम्दुलिल्लाह, नवव्या दिवशी ते घरी आले.

चूक त्यानंतर झाली, आणि ती आमचीच. डिस्चार्ज कार्डावर न्यूमोनियाखाली एक ओळ होती: लय बिघडली होती, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. खोकला गेला, भूक लागली, आम्ही कार्ड कपाटात ठेवून दिले. चार महिन्यांनी वजू करताना अब्बा म्हणाले, "छातीत पाखरू फडफडतंय." ईसीजी काढला. तीच लय परत आली होती.

याची भीती का, ते तेव्हा कळले. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या 2007 च्या नोंदींवरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र जंतुसंसर्गात ज्यांची लय नव्याने बिघडली, त्यांच्यापैकी 2.6 टक्के रुग्णांना रुग्णालयातच पक्षाघात झाला. इतरांत हे प्रमाण 0.6 टक्के होते. तेथीलच फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत, दुसऱ्या आजारामुळे किंवा ऑपरेशनमुळे लय बिघडलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोकांत ती 5 वर्षांत पुन्हा दिसली.

आमच्यावर अल्लाहची मेहरबानी झाली, वेळेत लक्षात आले. तुमच्या घरी असे कोणी अतिदक्षता विभागातून आले असेल तर एवढे करा. डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांकडून समजून घ्या. "लय कधी बिघडली होती का? पुन्हा ईसीजी कधी काढायचा? रक्त पातळ करणारी गोळी लागेल का?" हे तीन प्रश्न विचारा. ही गोळी सगळ्यांना लागत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात. ती स्वतःहून सुरू करू नका, स्वतःहून बंदही करू नका. गोळी चालू असताना हिजामा करायचा असेल किंवा दात काढायचा असेल तर आधी विचारा. रमजानपूर्वी गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्या. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला घरातल्या एका मुलाला शिकवा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यातले काही दिसले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

आमच्या घरी हे काम आता नातीकडे आहे. फजरनंतर ती अब्बांचा हात हातात घेते, घड्याळाकडे पाहते आणि वहीत आकडा लिहिते. ते कार्डही आता कपाटात नाही, त्याच वहीत आहे.