कायदा एक, उत्तरदायित्व कोणाचे?

भिशी ही आपल्याकडील जुनी व्यवस्था. ती चालते, कारण दहा-वीस सभासद एकमेकांना ओळखून असतात. परंतु संगणकाच्या पडद्यावरून लिस्बनचा शिक्षक ताल्लिनच्या अनोळखी उद्योजकाला पाचशे युरो कर्ज देऊ लागला की, ओळखीची जागा कायद्यानेच भरून काढावी लागते. क्राऊडफंडिंगच्या बाबतीत युरोप हा धडा किंमत मोजून शिकला.

प्रारंभी प्रत्येक देशाचा मार्ग निराळा होता. इटलीने 2012 साली पहिले पाऊल टाकले. फ्रान्सने 2014 मध्ये नियम केले, तर जर्मनी आणि स्पेनने 2015 मध्ये. बाल्टिक किनाऱ्यावरील तीन शेजाऱ्यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. लिथुआनियाने 2016 साली स्वतंत्र कायदा केला. इस्टोनियात मात्र उद्योगांना कर्ज मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांसाठी असा कायदा नव्हता. परिणाम काय झाला? जानेवारी 2020 मध्ये इस्टोनियात नोंदलेली अशी दोन संकेतस्थळे एकाच महिन्यात कोसळली आणि अनेक देशांतील लहान गुंतवणूकदारांचा पैसा अडकला. भांडवल सीमा ओलांडून गेले. संरक्षण सीमेवरच थांबले.

युरोपीय संघाने ऑक्टोबर 2020 मध्ये संमत केलेला आणि 10 नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेला समान कायदा या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. एका देशात परवाना घेतला की सर्व सदस्य देशांत व्यवसाय करता येतो. एका उद्योजकाला बारा महिन्यांत 50 लाख युरोपर्यंत निधी उभारता येतो. नवख्या गुंतवणूकदाराला चार दिवस विचार बदलण्याची मुभा आहे. एक हजार युरो किंवा संपत्तीचा पाच टक्के हिस्सा, यांपैकी जी रक्कम मोठी असेल, तिच्यापुढे जाताना त्याला धोक्याचा स्पष्ट इशारा द्यावा लागतो. या तरतुदी निःसंशय स्वागतार्ह आहेत.

तथापि कायदा एक झाला म्हणून उत्तरदायित्वही एक झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. प्रत्येक प्रकल्पाची माहिती जास्तीत जास्त सहा पानांत द्यावयाची असते. पण कोणतीही शासकीय यंत्रणा ती आधी तपासून मान्य करीत नाही. त्या माहितीत खोटेपणा आढळल्यास भरपाई कोणत्या नियमाने मिळेल, हे आजही ज्या-त्या देशाचा कायदा ठरवितो. भाषेचा प्रश्न तर याहून मूलभूत आहे. माहितीपत्रक परवाना देणाऱ्या देशाच्या भाषेत, किंवा तेथील यंत्रणेला मान्य अशा अन्य भाषेत, असू शकते. गुंतवणूकदाराने भाषांतर मागितले आणि संस्थेने दिले नाही, तर 'गुंतवणूक करू नका' एवढा सल्ला देऊन तिची सुटका होते! स्वभाषेत धोका समजून घेणे हा ग्राहकाचा हक्क असावयास हवा. तेथे तो संस्थेच्या सोयीवर राहिला आहे. समान बाजारपेठ उभारताना भाषेला अडचण मानण्याची ही वृत्ती चिंताजनक आहे.

शेजारी राष्ट्रांनी कायदे जुळवावेत, याविषयी दुमत नाही. तसे न केल्यास लबाड मंडळी सर्वांत सैल कायद्याच्या देशात कार्यालय थाटतात. परंतु जुळणी केवळ परवान्याची नव्हे, तर तक्रार, भरपाई आणि भाषा यांचीही झाली पाहिजे. फसलेल्या माणसाला आपल्या गावातून, आपल्या भाषेत दाद मागता आली, तरच कायदा त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

आपल्याकडे सेबीने 2014 साली या विषयावर चर्चापत्र काढले. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये व्यक्ती-व्यक्तींतील ऑनलाइन कर्जव्यवहारासाठी नियम केले. समभागांद्वारे लोकांकडून निधी उभारण्याचा प्रश्न पुन्हा पटलावर येईल, तेव्हा युरोपच्या कायद्याची नक्कल करण्याऐवजी त्यातील या त्रुटी आपल्या धोरणकर्त्यांनी आधी अभ्यासाव्यात. भांडवलाला वाट करून देणे सोपे असते. कष्टाच्या पैशाला परतीची वाट ठेवणे, हे राज्यकर्त्यांचे खरे कर्तव्य होय.