वेळ एक, घड्याळे अनेक

काशीमिरा नाक्याजवळ महामार्गावर अपघात व्हावा, जखमी मनुष्यास रुग्णवाहिकेतून जवळच्या इस्पितळात न्यावे आणि तेथून पुढे मुंबईस किंवा ठाण्यास हलवावे, हा प्रकार मिरा-भाईंदरकरांस अपरिचित नाही. परंतु या एका प्रवासात वेळ किती ठिकाणी लिहिली जाते, याचा विचार क्वचितच कोणी करतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी घेणाऱ्याच्या यंत्रातील एक, रुग्णवाहिकेच्या कागदावरील दुसरी, इस्पितळाच्या भिंतीवरील घड्याळाची तिसरी, हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राची चौथी आणि पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील पाचवी. देशाची वेळ एक, पण घड्याळे पाच! ही घड्याळे परस्परांशी जुळती ठेवण्याचे काम कोणाच्या तरी नावावर निश्चितपणे टाकले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेळेच्या प्रश्नावरून मुंबईत पूर्वी मोठा वाद माजला होता. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ सरकारने सुरू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. त्याच महिन्यात गिरणी-कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध उठाव केला, आणि मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक वर्षे मुंबई वेळ सोडली नाही. परक्या सरकारने लादलेल्या वेळेचा लोकांस राग यावा हे स्वाभाविकच होते. आज प्रमाणवेळ ही आपल्याच प्रजासत्ताकाची वेळ आहे; ती काटेकोरपणे पाळण्यात कमीपणा नाही, तिच्याविषयी बेपर्वाई दाखविण्यात मात्र आहे.

युद्धकाळात याहून विलक्षण प्रकार घडला. १ सप्टेंबर १९४२ रोजी घड्याळे एक तास पुढे नेण्यात आली व १५ ऑक्टोबर १९४५ रोजी पुन्हा मागे आणली गेली. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना ज्योतिषी हा एक तास आठवणीने वजा करीत आले आहेत. पत्रिकेसाठी जी दक्षता आपण बाळगतो, ती प्राण वाचविण्याच्या नोंदीसाठी नको काय?

अमेरिकेत ज्यांचे आप्त आहेत त्यांस ठाऊक असेल की, तेथे दर नोव्हेंबरात एका रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ पुन्हा एकावर आणतात. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. पहिल्या दीडला दिलेले औषध कोणते आणि दुसऱ्या दीडचे कोणते, हा घोळ टाळण्यासाठी तेथील कित्येक रुग्णालये तेवढा वेळ संगणकातील नोंद थांबवून कागदावर लिहितात, असे २०१८ साली तेथील वृत्तपत्रांत आले होते. आपल्याकडे हे संकट नाही. पण त्यांचा घोळ वर्षातून एका रात्री, तोही आधी ठाऊक असलेला. आपला बाराही महिने आणि कोणाच्या ध्यानीही नाही.

कोणी म्हणेल, पाच-सात मिनिटांच्या फरकाने काय बिघडते? बिघडते ते असे. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ही मुदत रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला तेथून मोजतात. मुदत संपत आली असता दहा मिनिटांची चूक म्हणजे औषध द्यावे की न द्यावे याचाच निर्णय होय. दुसरे, इस्पितळाचे घड्याळ रुग्णवाहिकेच्या घड्याळामागे असेल तर जखमी मनुष्य निघण्यापूर्वीच पोचला असे कागद सांगू लागतो. असा कागद न्यायालयात आला की प्रतिपक्षाचा वकील त्याच्या चिंधड्या उडवितो आणि प्रामाणिक डॉक्टरही खोटा ठरतो.

कायद्याने तर घड्याळास आता प्रत्यक्ष हक्काशी जोडले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाची व्याख्या आली. मे २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या योजनेने अपघातग्रस्तास दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता, अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद केली. आता पाहा: मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी अपघात झाला, तर आपली माणसे त्याला ‘बुधवारची रात्र’ म्हणतात, सरकारी दिनांक मात्र गुरुवारचा असतो. कारकुनाने नातेवाइकाच्या तोंडचा वार उतरवून घेतला की उपचाराचा एक दिवस बुडाला.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक अपघात विभागात एकच घड्याळ प्रमाण मानावे आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावे. संगणक अशा वेळेशी जोडून ठेवण्याची सक्ती सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजीच केली आहे. भिंतीवरील घड्याळ व उपचाराची यंत्रे तेवढी त्या शिस्तीत आणावयाची आहेत. प्रत्येक पाळीच्या आरंभी ती तपासून तपासणाऱ्याने सही करावी. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने, दिनांकासह लिहावी. घटना केव्हा घडली व नोंद केव्हा केली, हे दोन निरनिराळे रकाने असावेत. चूक आढळल्यास जुना आकडा खोडू नये. फरक किती, हे शेजारी लिहावे. महापालिकेने एक परिपत्रक काढले तर हे महिन्याभरात होण्याजोगे आहे.

व्यापारी बंधूंसही आमचे सांगणे आहे. आपल्या दुकानाबाहेरील कॅमेरा उद्या एखाद्या अपघाताचा एकमेव साक्षीदार ठरेल. त्याचे घड्याळ आजच लावून घ्या. रोजमेळात एका दिवसाची रक्कम दुसऱ्या दिवशी पडलेली आपण खपवून घेत नाही. मग ज्या वहीत माणसाच्या आयुष्याचा जमाखर्च लिहिला जातो, तिच्यातील मिनिटांचा हिशेब नगरपित्यांकडे व प्रशासनाकडे मागण्यास आपण का कचरावे?