तीन महिन्यांचा हिशेब

१८०१ साली तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. दोनच वर्षांपूर्वीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. निदान छत्रे तरी आपल्याकडे राहावीत, एवढेच राजांचे मागणे होते. ही छत्रे म्हणजे रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी भोसले घराण्याने बांधलेल्या, गावांचे उत्पन्न लावून दिलेल्या धर्मशाळा. तिथे काय काय चालते, याची यादीच पत्रात आहे. वाटसरूला जेवण, आजाऱ्याला वैद्य, पोरक्या मुलांना आसरा, तान्ह्यांना दूध. याच यादीत गरोदर बाईही येते. तिची मायेने देखभाल होते, ती छत्रात बाळंत झाली तर खर्च आणि औषधपाणी छत्राचे, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तिथे राहण्याची मुभा असते.

अर्जात माणूस आपली बाजू रंगवूनच मांडतो, हे मान्य. पण कशाची बढाई मारावीशी वाटते, यावरूनही राज्याची पारख होते. बाळंतिणीला तीन महिने लागतात, हे त्या दरबाराला ठाऊक होते आणि तो खर्च आपला आहे, हे त्याने लिहून दिले होते. सरफोजींच्या धन्वंतरी महालात जमवलेल्या औषधयोगांतून पुढे जे ग्रंथ सिद्ध झाले, त्यांतला एक गर्भिणी आणि बालरोगांच्या चिकित्सेवरच आहे.

तंजावरपासून तासाभराच्या अंतरावर कुंभकोणम आहे. मराठी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, घरात तंजावरी मराठी आणि दारात तमिळ बोलत. आज या गावातल्या तरुण जोडप्याला सरकारी दवाखान्यात नाव नोंदवल्याबरोबर एक क्रमांक मिळतो, रक्त तपासले जाते, लोहाच्या गोळ्या मिळतात, सोनोग्राफी होते. आईबाप होण्याची तयारी मात्र त्यांची त्यांनीच करायची असते. या तफावतीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी ही शाळा घरात भरे. गणिती रामानुजन कुंभकोणमचे म्हणून जग ओळखते, पण त्यांचा जन्म १८८७ साली इरोडला झाला, आजोळी. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज कावेरीकाठी तसाच आहे जसा आपल्याकडे कृष्णाकाठी. माहेरी आई होती, आत्या होती, गल्लीतली सुईण होती. बाळाला न्हाऊ कसे घालायचे, अंगावर कसे पाजायचे, धुरी-शेक कधी, हे सगळे पाहून आणि करून शिकले जाई. तिकडचे वळैकाप्पु आणि आपले डोहाळजेवण यांत ओटी आणि बांगड्यांच्या निमित्ताने चार लेकुरवाळ्या पहिलटकरणीभोवती जमत. हसण्याखिदळण्यात कामाचे बरेच कानावर पडे.

पण त्या शाळेचे गोडवे गाताना तिचा निकालही पाहावा. रामानुजनांच्या आईला १८८९ साली दुसरा मुलगा झाला, तो तीन महिन्यांच्या आत गेला. पुढे १८९१ आणि १८९४ साली आणखी दोन मुले झाली, त्यांनीही पहिला वाढदिवस पाहिला नाही. हे घर अडाण्यांचे नव्हते. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळाला मध नाहीतर साखरपाणी चाटवायचे, नाळ हाताला येईल त्या पात्याने कापायची, या गोष्टीही त्याच शाळेत शिकवल्या जात आणि धनुर्वाताने बाळे जात. चौदा वर्षांच्या आनंदीबाई जोशींचे बाळ दहा दिवसांत गेले. त्याच आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा.

विसाव्या शतकाने ही जबाबदारी दवाखान्याकडे आणि कायद्याकडे नेली. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. पुढच्याच वर्षी कायदा झाला. मद्रास प्रांतात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी कायदेमंडळातल्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. आज तमिळनाडूची मातृत्व साहाय्य योजना त्यांच्याच नावाने चालते. २००६ साली तिची रक्कम ६ हजार होती, २०११ साली १२ हजार झाली आणि २०१८ साली १८ हजार. त्यातले १४ हजार रोख आणि बाकीचे पोषण संचांच्या रूपात.

या प्रयत्नांना फळ आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तमिळनाडूतली ९९.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. रामानुजनांच्या आईच्या वाट्याला जे आले, ते आता तिथे अपवादाने घडते. मात्र त्याच सर्वेक्षणात ४४.९ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आहेत आणि पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे कोणी म्हणणार नाही. पण पोटावर टाके असताना बाळाला कुशीत कसे घ्यायचे, दूध उतरायला वेळ लागला तर पावडरीचा डबा कधी आणायचा आणि कधी नाही, हे शांतपणे बसून कोणी सांगितले होते का, हा प्रश्न राहतो. तपासणीच्या रांगेत डॉक्टरांना एका बाईमागे मिनिटे मोजून मिळतात. माहेर दोन खोल्यांचे झाले आहे आणि आजी स्वतः नोकरीवर जाते. जुनी शाळा बंद पडली आणि नवी कुणी उघडलीच नाही.

पाश्चात्त्य देशांत ही पोकळी वर्गांनी भरून काढली. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३०च्या दशकात मांडले की भीतीने अंग आखडते आणि आखडल्याने कळा वाढतात. फ्रान्सच्या लामाझ यांनी रशियातली पद्धत पाहून १९५०च्या दशकात श्वासाचे वर्ग लोकप्रिय केले. अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली यांनी नवऱ्यालाच शिकवून प्रसूतीच्या खोलीत उभे केले. आपल्याकडे हे लोण आले ते पुण्या-मुंबईच्या, चेन्नईच्या फी भरून करायच्या वर्गांत. त्यांतले काही चांगले आहेत. पण गर्भसंस्काराच्या नावाखाली पोटातले मूल हुशार निघेल अशी हमी विकणारेही कमी नाहीत. अशा ठिकाणी बाळाच्या बुद्धीची चर्चा तासभर चालते आणि बाळंतिणीच्या रक्तस्रावाची, उदासीची, झोपेची पाच मिनिटेही होत नाही.

बिनपैशाच्या वर्गाचा भरवशाचा नमुना शहरात सापडत नाही, तो गडचिरोलीत सापडतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या गरोदरपणातच घरी जाऊन आईशी आणि सासूशी बोलत, बाळंतपणाला हजर राहत आणि नंतर पुन्हा पुन्हा येऊन बाळाचे वजन, श्वास, ऊब आणि दूध पाहत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे 'लॅन्सेट'ने १९९९ साली छापले. २०११ साली तीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या हाती आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांनी सहा फेऱ्या करायच्या, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. म्हणजे या फेऱ्यांची मुदत सहा आठवड्यांची, छत्राची तीन महिन्यांची होती.

आणि या सगळ्यात बाप कुठे आहे? कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर तिरुक्करुकावूरला गर्भरक्षांबिका आहे. मूल व्हावे म्हणून येणारे जोडपे तिथे मिळून उंबरठा तुपाने सारवते. प्रसादाचे तूप अठ्ठेचाळीस दिवस दोघांनीही खायचे असते. सुखरूप सुटकेसाठी मंतरलेले एरंडेल घरी नेतात आणि कळा सुरू झाल्या की पोटाला लावतात. या तुपाने मूल होते की नाही, हा श्रद्धेचा भाग. पण मूल ही दोघांची गोष्ट आहे, हे त्या देवळाने गृहीत धरले आहे आणि नवऱ्याच्या हाती काम दिले आहे. आमच्या दवाखान्यात त्याच नवऱ्याचे काम फाइल धरणे, रक्ताची बाटली आणणे आणि बाकावर बसणे. मग घरी आल्यावर रात्री दोनला रडणारे मूल घ्यायचे कसे, हे त्याला येत नाही म्हणून आपणच त्याला नावे ठेवतो.

कायदाही त्याला दारातच थांबवतो. २०१७च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. कुंभकोणमच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात किंवा इचलकरंजीच्या मागावर रोजावर काम करणाऱ्याने तपासणीला बायकोबरोबर जायचे, तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.

म्हणून मागणी साधी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला देशभर गरोदर मातांची विशेष तपासणी होते. त्याच दिवशी, त्याच आवारात तासाभराचा वर्ग भरावा. त्यात नवरा आणि घरची जुनी बाई दोघांनाही बोलावणे असावे, कारण चीक टाकायचा की नाही, याचा निर्णय बहुतेक घरांत तीच घेते. नवऱ्याला त्या दिवसाची मजुरी किंवा पगारी सुटी मिळावी. हजेरीची अट आईच्या मदतीच्या हप्त्याला मात्र जोडू नये, नाहीतर बाप आला नाही म्हणून पैसे तिचे अडतील. आणि वर्ग बाळंतपणाबरोबर संपू नये. आशाताईच्या फेऱ्या बेचाळीस दिवसांवरून नव्वदपर्यंत न्याव्यात, तिला त्याचे वेगळे मानधन द्यावे आणि त्या फेऱ्यांत बाळाबरोबर आईच्या मनाचीही विचारपूस व्हावी.

यात नवे यंत्र लागत नाही की नवी इमारत. खर्च आहे तो माणसांच्या वेळेचा. राज्य हातचे गेलेल्या एका राजाला तो परवडत होता. सोनोग्राफी आणि क्रमांक देणाऱ्या सरकारला परवडत नाही, असे म्हणायची सोय नाही.